सभागृहातला ओटा

आमच्या वस्तीच्या सभागृहाचा नकाशा ज्या आर्किटेक्ट साहेबांनी फुकट काढून दिला, त्यांचा आज तिथेच सत्कार होता. बाहेर भाषणांत त्यांच्या शाळा, दवाखाने, नाट्यगृहं यांचं कौतुक चाललं होतं. आत स्वयंपाकघरात मी दोन विटांवर उभी राहून पुऱ्या लाटत होते, कारण तिथला ओटा माझ्या छातीला लागतो. याच ओट्यावर बालवाडीचा स्वयंपाक करून रोज खांदा भरून येतो. एवढ्या मोठ्या माणसाला रांधणारीची उंची विचारावीशी वाटू नये?

इतक्यात साहेबच पाणी प्यायला आत आले.

"ताई, विटांवर का उभ्या?"

शेजारी पुऱ्या तळणाऱ्या सुशीलाने मला कोपराने ढोसलं. "सांग की गं आता!"

"सवय आहे, साहेब," मी म्हणाले.

ते हसून गेले. सुशीलाने कपाळावर हात मारला. त्यांच्या प्रत्येक इमारतीत माझ्यासारखी एक मुखदुर्बळ बाई असेल, तर त्यांना कळणार तरी कुठून!