पहिल्या माळेला पेरलेली बाग

"ताई, रजा टाक आणि नवरात्रात चेन्नईला ये. मामींना शब्द देऊन बसलेय आणि आता पाचावर धारण बसलीय!" धाकट्या मुग्धाचा असा फोन आल्यावर काय करणार? घरी तुळससुद्धा धड न जगवणारी मी बागकामाला निघाले.

मामी म्हणजे मैलापूरमधल्या तिच्या घरमालकीण. तंजावरी मराठी, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, मुलं परदेशात. नवरात्रात त्या घरात पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला तिकडे कोलू म्हणतात. पायथ्याशी मातीत मोहरी उगवून छोटीशी बागही करतात. पण गुडघ्यांमुळे खाली बसणं संपलं, म्हणून यंदा बाहुल्या देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. मुग्धा म्हणाली, "बाग मी करते." मामी म्हणाल्या, "कर. तुझी बाग बघून ठरवीन, ठेवायच्या की द्यायच्या."

पुण्याहून गाडी वीसेक तास घेते. वाडी जंक्शननंतर डब्यातली मराठी विरत गेली आणि पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर ताडाची झाडं धुक्यात उभी होती. सेंट्रलला उतरलात तर रिक्षावाल्यांशी हुज्जत घालू नका. समोरच्या पार्क टाऊनहून लोकल धरा, अगदी किरकोळ तिकिटात मैलापूर. तिथे देवळाच्या तळ्याभोवतीच्या रस्त्यांवर मातीच्या बाहुल्यांची दुकानंच दुकानं लागली होती. मी तासभर नुसती हिंडले, भूक लागल्याचंही कळलं नाही.

मुग्धानं सगळं घरीच केलं होतं. आइस्क्रीमच्या काड्यांचा झोपाळा, करवंट्या रंगवून केलेल्या कुंड्या, फुटक्या आरशाचं तळं. ऑफिस शोळिंगनल्लूरला, घरी यायला आठ वाजतात, तरी पोरीनं काड्या चिकटवल्या होत्या. मला भरूनच आलं. घटस्थापनेच्या सकाळी आम्ही दोघींनी डोळे मिटून नमस्कार केला आणि ओल्या मातीत मोहरी पेरली.

तेवढ्यात मामी काठी टेकत आल्या आणि थबकल्या.

"अय्यो! आज पेरता?"

"मग कधी? आज घट बसतात ना," मी म्हटलं.

"आमच्यात पाच दिवस अगोदर पेरायचं, पोरी. पहिल्या संध्याकाळीच माणसं पाहायास येतात. बाग हिरवी हवी."

मुग्धाचा चेहरा खर्रकन उतरला. मीही वरमले. मोठी बहीण म्हणून गेले आणि काय दिवे लावले! आपल्याकडे घटात पहिल्याच दिवशी पेरतात, दुसरी काही रीत असेल हे आमच्या ध्यानीमनीही आलं नाही.

संध्याकाळी शेजारणी आल्या. हळदीकुंकू, पानसुपारी आणि द्रोणात सुंडल. म्हणजे बिनरश्श्याची उसळच, वर ओलं खोबरं आणि कढीपत्त्याची फोडणी. रोज वेगळं कडधान्य, त्या दिवशी काबुली चणे. मी दोन द्रोण चापले, खोटं कशाला बोलू! एका बाईंनी मातीकडे बोट दाखवून तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मला वाटलं, मुग्धा आता आत पळणार. पण ती मोडक्यातोडक्या तमिळमध्ये बोलली आणि मग मला सांगितलं, "म्हटलं, आमच्या गावी आजच पेरतात. नऊ दिवस वाढताना बघतात. उद्या या."

त्या बाई दुसऱ्या दिवशी खरंच आल्या. तिसऱ्या दिवशी आणखी दोघींना घेऊन आल्या. एरवी कोलू एकदा बघून लोक जातात म्हणे. चौथ्या दिवशी मूगडाळीचं सुंडल शिजत होतं आणि मामींची हाक आली, "मुग्धा, धावत ये!" त्यांनी खुर्ची मातीशी ओढून घेतली होती. वाकून, नाक जवळजवळ आरशाच्या तळ्याला लावून त्या बघत होत्या. दोन दोन पानांचे कोंब, उन्हात पोपटी. पुढचे दिवस माझे स्वप्नात असल्यासारखे गेले. सकाळी फिल्टर कॉफी, मामी वाटीनं पाणी शिंपडतायत, आणि खोलीभर ओल्या मातीचा वास.

दसऱ्याला मुग्धानं बोटभर वाढलेलं रोप उपटून मामींच्या अंबाड्यात खोचलं. "आमच्यात हे डोक्यात माळतात," ती म्हणाली. मामींनी नुसता हात लावून पाहिला. रात्री कोलू संपल्याची खूण म्हणून प्रथेप्रमाणे एक बाहुली आडवी निजवली. बाकीच्यांचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही आणि दुसऱ्या दिवशीची परतीची गाडी होती.

घरी येऊन चार दिवस झाले. सामानातून कढीपत्त्याचा वास अजून जात नाही. सुंडल करून पाहिलं, जमलं नाही. जीव बाहुल्यांत अडकला होता, शेवटी काल फोन केलाच.

"मुग्धे, दिल्या का गं मामींनी बाहुल्या?"

"दिल्या. नीट धोतराच्या चिंध्यांत गुंडाळून, खोकी भरून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या खोलीतल्या माळ्यावर ठेवल्यात, ताई. म्हणाल्या, तुझ्याच आता. आणि म्हणाल्या, अगोदर पेरू नकोस. पहिल्या दिवशीच पेर, मला वाढताना पाहायचंय."