देवी लपवल्याची खबर

ती घटना आठवली की आजही हसू येते. साठच्या दशकातली गोष्ट. नागपूर जिल्ह्यात, खाप्याच्या बाजूला एका लहान ठाण्याचा मी फौजदार होतो. हद्दीतल्या एका देवळातून देवीची पितळी मूर्ती चोरीला गेली होती. वरून रोज विचारणा आणि तपास जागच्या जागी. अशा वेळी पोलिसाचे कान नको इतके तिखट होतात. पानठेल्यावर कोणी ‘देवी’ म्हटले तरी आमचा शिपाई तिथे रेंगाळायचा.

एका सकाळी हजेरी चालू असताना डोक्यावरून पदर ओढलेली एक तरुण बाई ठाण्याच्या पायरीशी आली. विणकरांच्या मोहल्ल्यातल्या एका घराची खूण सांगून म्हणाली, “त्या घरी देवी हाये जी. लपवून ठेवली हाये. तुमी लवकर येऊन देवी काढा.” नाव विचारले तर सांगेना. “मी आली होती हे कोनाले सांगू नका,” एवढे बोलून भराभर निघून गेली.

आम्ही खूश! पंच, हवालदार, शिपाई असा सगळा लवाजमा घेऊन घराला वेढा घातला. घरमालक हातमागावर लुगडे विणत बसला होता. त्याला तिथेच गाठले.

“देवी कुठे आहे?”

“आतल्या खोलीत हाये, साहेब.” इतक्या सरळपणे कबुली देणारा आरोपी मी पाहिला नव्हता.

“कधी आणलीस?”

“आनली नाही जी. आपल्या मनानं आली.”

“कोणाकडून आली?”

“आता हे मी काय सांगू? कोनाच्याही घरी येते.”

हा आपली थट्टा करतो आहे, असे वाटून मी आवाज चढवणार, तेवढ्यात हवालदाराने माझी बाही ओढली. तो त्याच भागातला. दाराला कडुलिंबाचा डहाळा खोवलेला होता आणि स्वयंपाकाची वेळ असूनही घरात फोडणीचा वास नव्हता, हे त्याने हेरले होते. “साहेब, बूट काढा,” तो हळूच म्हणाला. “इथं मूर्ती नाही. माता आली हाये.”

आत एक मुलगी कडुलिंबाच्या पाल्यावर निजली होती. चेहऱ्यावर, हातांवर नुकते उठलेले फोड. देवीचा रोग. उशाशी तिची आजी बसलेली आणि कोपऱ्यात तान्हे बाळ छातीशी धरून तिची आई. सकाळी ठाण्याच्या पायरीशी पाहिलेला तोच पदर. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवी काढणे म्हणजे देवीची लस टोचणे, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक. मूर्तीच्या नादात ते आमच्या ध्यानातच आले नाही. त्या बाईला आपल्या तान्ह्याला लस टोचून हवी होती आणि सासूपुढे तोंड उघडायची तिची छाती नव्हती.

पंचांना वाटेला लावले आणि दवाखान्यातून डॉक्टर आणवला. बाळाला आज टोचले तर वाचण्याची आशा आहे, दिवस घालवले तर सांगता येत नाही, असे तो म्हणाला. पण म्हातारी उंबरठ्यात ठाण मांडून बसली. लस टोचणाऱ्यांना तिने आधीही हाकलून लावले होते, म्हणूनच सून दवाखान्याऐवजी ठाण्यात आली असावी. मी दरडावून पाहिले. ती ढिम्म. शेवटी टोपी काढून तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि तिच्याच बोलीत विचारले, “काहून नाही म्हनता, माय?”

“देवी कोपते म्हून नाही म्हनत, साहेब,” ती म्हणाली. “माह्या पयल्या पोराले टोचलं होतं. दंड सुजला, पिकला. तापातच गेला पोरगा. टोचनारा पुन्हा फिरकला नाही. मंग मी कोनाले विचारू? तुमी लोक टोचता आन् चालले जाता.”

हट्टी म्हातारी म्हणून सगळ्यांनी तिच्यावर शिक्का मारला होता आणि ती मात्र इतकी वर्षे कोणी विचारील म्हणून बसली होती. डॉक्टर समजावू लागला, आता सुई वेगळी आहे, लस चांगली आहे. तिने मान फिरवली. तेव्हा मी म्हणालो, “बाळाला काही झाले तर ठाण्यात या आणि माझ्या नावाने रपट द्या.”

“तुमच्या नावानं?”

“माझ्या.”

ती बाळाकडे पाहत राहिली. मग बाजूला सरकली. डॉक्टरने टोचले तेव्हा बाळ किंचाळले आणि आई पदरात तोंड लपवून रडली. म्हातारीच्या घरी टोचले हे कळल्यावर मोहल्ल्यातली बाकीची दारेही उघडली.

पुढे ती म्हातारी नातवाला कडेवर घेऊन वरचेवर ठाण्यात यायची. दवाखाना वाटेवरच होता, पण तिथे थांबायची नाही. “पाहा जी, तुमचा शब्द हाये,” म्हणत त्याचा दंड माझ्यापुढे धरायची. मी खुनाचे पंचनामे केलेला माणूस, पण ती खपली दर वेळी वाकून निरखून पाहायचो. खपली पडली, वण राहिला, बाळ धडधाकट. मुलगीही वाचली, चेहऱ्यावर व्रण घेऊन. मूर्ती मात्र माझी बदली होईपर्यंत सापडली नाही.

नोकरीत मी पुष्कळांना बोलते केले. पण नाही म्हणणाऱ्या माणसाला, तो का नाही म्हणतो, हे खाली बसून विचारायचे असते, हे त्या उंबरठ्यावर शिकलो. आणि विचारले की जबाबदारीही घ्यावी लागते.

शेवटच्या खेपेला म्हातारी उठता उठता थांबली. आता ही खबऱ्याचे नाव विचारणार, असे वाटून मी आधीच म्हणालो, “खबर कोणी दिली ते आम्ही सांगत नसतो.”

ती हसली. “मले मालूम हाये कोन आलं होतं. त्या दिवशी सकाळी नदीवर पान्याचा गुंड भराले गेली आन् तो रिकामाच घेऊन वापस आली. तिले सांगू नका, मले मालूम हाये म्हून. भेते ते मले.” मग नातवाच्या दंडावरून हात फिरवत म्हणाली, “पन बरं केलं माह्या सुनेनं.”