लॉकरमधला फोन

मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये आम्हाला स्वतःचा फोन जवळ ठेवता येत नाही. तो बाहेर लॉकरमध्ये असतो. काल जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी बसणाऱ्या वैशालीने लॉकर उघडला, तर बहिणीचे कितीतरी मिस्ड कॉल. तिने तिथेच उभ्याने फोन लावला. गावी आजारी असलेली आई गेली होती.

"शेवटपर्यंत माझ्याशी बोलायचं म्हणत होती," वैशाली म्हणाली. "काय सांगायचं असेल गं तिला?"

अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकण्यात आमचा दिवस जातो आणि घरच्यांचं बोलणं राहून जातं.

ती एसटीने गावी निघाली. तिच्या खुर्चीवर लगेच दुसरी मुलगी आली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला तिने हसऱ्या आवाजात नमस्कार केला.