यंदाची वेसण

आमच्याकडे भाताच्या रोपाला पऱ्हे म्हणतात. त्यामुळे वर्गात ‘रोप’ हा इंग्रजी शब्द शिकवताना कुणाचा गोंधळ होत नाही. मी फळ्यावर अर्थ लिहितो, दोर, आणि विचारतो, हा कशाकशाला लागतो? झोपाळ्याला, विहिरीला, गाय बांधायला. पोरं धडाधड सांगतात. यंदा एक मुलगी म्हणाली, “सर, वेसण.” बरोबर, म्हटलं, आणि पुढचा शब्द घेतला. पण जीव तिथेच अडकला.

पोळा तोंडावर आला होता. पोळ्याला आमच्या बैलांना नवी वेसण लागते, आणि ती कायम बाबांनीच वळलेली. उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला, उजवा हात कामातून गेला. मी शहाणपणा करून लाखांदूरच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणली, पिवळीधमक.

“हे काहून आणलं?”

“वेसणीसाठी, बाबा.”

“नाक सोलते याच्यानं. माह्या बैलाले हे नाही पाहिजे.”

मग वळणार कोण, मी चिडून विचारलं. त्यांनी डाव्या हाताने अंबाडीच्या वाखाची, सालीच्या धाग्यांची, जुडी माझ्यापुढे सरकवली.

ओसरीवर बसलो. त्यांनी डाव्या हातात टोक धरायचं, मी मांडीवर उजव्या तळव्याने पीळ द्यायचा. एका माणसाचं काम दोघांत वाटलं की भांडण ठरलेलंच. “ढिल्लं सोडून राहिला तू!” “तुमीच ओढून राहिले!” वळलेलं सगळं पुन्हा सुटायचं. मला खरंच रडू येईल असं वाटलं. एवढी वर्षं शेजारी बसून मी ते हात नुसते पाहिले होते.

आतून बायको म्हणाली, “झाली की पहिल्यानं तुमच्या दोघांच्याच नाकात घाला.”

बाबा हसले. त्यानंतर पीळ जरा बरा बसायला लागला.

पोळ्याच्या सकाळी वेसणी घालून झाल्या. बाबांनी एका बैलाजवळ जाऊन बोटांनी चाचपून पाहिलं. कुठे जाड, कुठे बारीक, सगळं त्यांच्या हाताला लागलं असणार.

“जमते तुले,” ते म्हणाले. “पुढच्या पोळ्याले तू एकटाच वळजो.”

माझं डोकंच फिरलं. “मी नाही वळत,” मी ओरडलो. “तुमी टोक धरल्याबिगर नाही वळत.”

बैलसुद्धा दचकला. बाबा त्याची मान खाजवत राहिले.

“मंग यंदाचा उरलेला वाख जपून ठेवजो,” ते म्हणाले.