सत्तेचाळीस क्रमांकाची खुंटी

कुलूपकाका एकाहत्तर वर्षे जगले. त्यांपैकी एकोणीस वर्षे त्यांनी एका कारखान्याच्या भांडारात नटबोल्ट मोजण्यात घालवली आणि कारखाना बंद पडल्यावर शेवटची एकतीस वर्षे कचेऱ्यांच्या इमारतीमागील दुचाकींच्या तळावर. कुलूपकाका हे नाव तेथेच पडले आणि त्यांनी ते पदवीसारखे मिरवले.

तळाच्या तोंडाशी पत्र्याची खोली होती. तिच्या तिन्ही भिंतींवर एकशेवीस खुंट्या, प्रत्येकीखाली रंगाने काढलेला क्रमांक. गाडी लावणाऱ्याने हेल्मेट, सामानाची पिशवी, मोबाइलची पकड, जे जे हाताने निघते ते ते काढून खिडकीत द्यावे आणि पितळेचा बिल्ला घ्यावा, अशी शिस्त काकांनी घालून दिली होती. गाडीचा प्रश्न नव्हता. ज्याच्या हाती चावी त्याची गाडी. बिल्ला होता तो सुट्या वस्तूंसाठी. ज्यांना हेल्मेट गाडीलाच अडकवायचे असे, त्यांना ते थांबवून सांगत की साखळी पट्ट्यातून घालू नका, पट्टा ब्लेडने क्षणात कापला जातो. हनुवटीपुढच्या कमानीतून घाला, म्हणजे चोराला हेल्मेटच फोडावे लागेल. हे सांगताना त्यांचा चेहरा शस्त्रक्रिया समजावणाऱ्या डॉक्टरसारखा होई. काका जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावतात आणि चावी डब्यातच ठेवतात, असा विनोद तळावर प्रचलित होता. तो प्रथम केला चष्मेवाल्याने.

चष्मेवाला म्हणजे समोरच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवणारा कारागीर. सहा वर्षे तो रोज सकाळी दहाला आपले पांढरे हेल्मेट खिडकीत ठेवी आणि सत्तेचाळीस क्रमांकाचीच खुंटी मागे. काकांचा चष्माही त्यानेच बसवून दिला होता. आता चोर तीन गल्ल्यांवरून दिसेल, असे तो त्या वेळी म्हणाला होता.

काकांच्या तळावरील चोविसाव्या वर्षी, एका सोमवारी, एक सभ्य गृहस्थ खिडकीशी आला. अमुक हेल्मेट आपल्या भावाचे. भाऊ वर बैठकीत अडकला आहे आणि बिल्ला त्याच्याच खिशात राहिला आहे, असे त्याने सांगितले. चेहरा ओळखीचा वाटला म्हणून काकांनी हेल्मेट दिले. संध्याकाळी खरा मालक आला. त्याला भाऊच नव्हता. चोर तुमचा कोण लागतो, असे त्याने तीसेक माणसांदेखत विचारले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. काकांनी ताकच वर्ज्य केले. खिडकीवर पाटी लागली: बिल्ल्याशिवाय वस्तू मिळणार नाही. तिच्याखाली आणखी एक ओळ होती: ओळख चालणार नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, चष्मेवाला धावत आला. त्याच्या बायकोचा फोन आला होता. मुलगी जिन्यावरून पडली होती, हात हलवत नव्हती. त्याने सगळे खिसे चाचपले. बिल्ला नव्हता.

"काका, सहा वर्षं हे डोकं बघताय. आज ओळख पटेना का?"

"डोकं ओळखतो. पण पाटी वाचा. दुकानात बघून या, मी कुठं जात नाही."

"तेवढा वेळ नाही हो."

चष्मेवाल्याने पाटी वाचली आणि मान हलवली. तो रागावला नाही. नीट सांभाळा, संध्याकाळी नेतो, एवढे बोलून त्याने गाडीला चावी लावली. काकांचा हात खुंटीच्या दिशेने उचलला गेला होता; तो वाटेतच थांबला. गाडी फाटकाबाहेर गेली.

दुसऱ्या वळणावर खडी सांडली होती. गाडीला फारसे काही झाले नाही. डोके पदपथाच्या कडेवर आपटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. बिल्ला सापडला दुकानात, खिळ्याला टांगलेल्या कामाच्या एप्रनच्या खिशात.

तिसऱ्या आठवड्यात त्याची बायको तो बिल्ला घेऊन आली. नवऱ्याच्या वस्तू जागोजागहून गोळा करण्याचे काम तिने एकटीने चालवले होते. काकांनी हेल्मेट काढून खिडकीच्या फळीवर ठेवले. तिने त्याच्यावरून हात फिरवला.

"ते हेल्मेटशिवाय गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जात नसत. मीच फोनवर लवकर या, लवकर या करत राहिले. माझ्या घाईनं गेले."

तळावर त्या दिवशीच्या प्रसंगाला साक्षीदार नव्हता. काकांनी नुसती मान हलवली असती तरी निभावले असते. ती हेल्मेट घेऊन निघून गेली असती आणि आयुष्यभर त्या फोनला दोष देत राहिली असती. पण काकांनी हेल्मेटवरचा आपला हात काढला नाही.

"ताई, ते विसरले नव्हते. मागत होते. मी दिलं नाही."

मग त्यांनी सारे क्रमाने सांगितले: सोमवारचा ठक, पाटी, रिकामे खिसे. स्वतःच्या बाजूचा एक शब्दही त्यांनी जादा घातला नाही. तिने सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले.

"तुम्ही त्यांना ओळखत होता ना?"

"हो."

तिने बिल्ला मुठीत घट्ट धरला, हेल्मेट फळीवरच ठेवले आणि ती निघून गेली.

पाटी त्याच संध्याकाळी उतरली. दुसऱ्या दिवशीच्या पाटीवर लिहिले होते: बिल्ला नसेल तर चावी दाखवा, पण डोके झाकून जा. त्यानंतर कोणी उघड्या डोक्याने निघाला तर काका फाटकात आडवे उभे राहत. या सैलपणापायी पुढील सात वर्षांत दोन हेल्मेटे गेली. ती त्यांनी निमूटपणे भरून दिली. सत्तेचाळीस क्रमांकाची खुंटी मात्र कोणालाही मिळाली नाही. दर सोमवारी ते पांढरे हेल्मेट खाली उतरवून पुसत आणि परत टांगत. डब्याच्या कुलपाचा विनोद पुन्हा कोणी केला नाही.

काका अल्पशा आजाराने गेले. त्यांची मुलगी एका शाळेत कारकून होती. वडिलांचा नीटनेटकेपणा तिच्यात पुरेपूर उतरला होता. तिने नव्या राखणदाराला एकशेएकोणीस खुंट्यांची यादी करून दिली आणि पांढरे हेल्मेट कापडी पिशवीत घालून पत्ता शोधत निघाली.

दार चष्मेवाल्याच्या बायकोनेच उघडले. आत एक अठरा वर्षांची मुलगी वाकून बुटाची नाडी बांधत होती, दोन्ही हातांनी. बाबा गेले, वस्तू त्यांच्याकडे ठेवलेली होती, बिल्ला नसला तरी चालेल, असे काकांच्या मुलीने सांगितले.

ती बाई आत गेली आणि बिल्ला घेऊन आली. पितळ घासून लख्ख ठेवलेले होते. तिने तळहात उघडला, क्रमांकाकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि मूठ पुन्हा मिटली.

"अजून नाही," ती म्हणाली. मग तिने विचारले, "शेवटी फार त्रास झाला का त्यांना?"

झाला, असे काकांच्या मुलीने सांगितले. खोटे बोलण्याची त्या घराची रीत नव्हती.

हेल्मेट सत्तेचाळीस क्रमांकाच्या खुंटीवर परत गेले आहे. यादीत एका ओळीची भर पडली असून नव्या राखणदाराला ती वाचून दाखवण्यात आली आहे: ही वस्तू बिल्ला आणणाऱ्यालाच द्यावी, आणि तो येईपर्यंत दर सोमवारी पुसावी.