हिमोग्लोबिन एकोणीस

अकरा वर्षं मी गावात आशाताई म्हणून फिरतेय. कुणाच्या बाळाचं वजन भरत नाही, कुणाची सून रक्तवाढीच्या गोळ्या उकिरड्यावर फेकते, सगळं मला ठाऊक. घरातलं तेवढं दिसलं नाही.

गेल्या वर्षी विहाराच्या ओट्यावर पोरींचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बाराच्या आसपास हवं, तर एकजात सगळ्या आठ नाहीतर नऊ. माझ्या दहा वर्षांच्या लेकीचं बोट टोचलं, तर थेंबच निघेना. दाबून काढला, तो काकवीसारखा काळपट आणि दाट. मशीनवर आकडा आला एकोणीस. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. तिचा हात वर धरून बायांना म्हटलं, बघा, लेकरांना खाऊपिऊ घातलं की असं होतं. त्या हाताची नखं निळसर होती, बोटं टोकाला फुगलेली. डोळे फुटले होते का माझे?

महिन्याभरानं शाळेत तपासणीची गाडी आली. डॉक्टर एकेकीच्या छातीला नळी लावत होते. लेकीला मी रांगेतून ओढून काढलं. म्हटलं, हिचं रक्त एकोणीस हाय, आधी त्या वाळक्या पोरी बघा. डॉक्टरांनाही घाईच होती.

शाळेतून येताना ती सारखी उकिडवी बसायची. नाटकं करते म्हणून मी दंडाला धरून उठवायची. या थंडीत एकदा तशीच उठवली आणि ती माझ्या हातातच लुळी पडली. ओठ जांभळे. नवऱ्यानं मोटरसायकल काढली, तिला मधे धरून यवतचा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, चालता चालता उकिडवी बसते का?

जन्मापासून हृदयात भोक आहे, म्हणाले, आणि फुप्फुसाकडं जायची वाट अरुंद. त्यामुळं अशुद्ध रक्त तसंच अंगभर फिरतंय. उकिडवं बसलं की फुप्फुसाकडं जरा जास्त रक्त जातं, म्हणून पोर बसत होती. मी एकोणीसचा कागद पुढं केला. तो बघून ते सावकाश म्हणाले, "ताई, हवा पुरत नाही म्हणून शरीर नुसतं रक्त बनवत सुटलंय. एवढं दाट रक्त कुठंही गोठेल. मेंदूतसुद्धा."

पुण्याच्या दवाखान्यात आज आठवा दिवस. ऑपरेशन तान्हेपणीच व्हायला हवं होतं. आता जमेल का, ते तपासण्यांवर ठरणार. सकाळी सिस्टर रक्त घ्यायला आली. दोनदा सुई टोचली, रक्त येईना. लेक तिलाच समजावत होती.

"घाबरू नका ताई. माझं रक्त लय चांगलं हाय. आईनं सगळ्या गावाला सांगितलंय."