मामांचा भुंड्या

मामांना स्वतःच्या पणज्याचं नाव माहीत नव्हतं. गंगाखेडला वडिलांचं श्राद्ध करायला बसले तेव्हा गुरुजींनी तीन पिढ्यांची नावं विचारली आणि मामा आजोबांपाशी येऊन अडले. गुरुजी दर्भ हातात धरून वाट पाहत राहिले. पण शबनम कुत्रीची आई कोण, आजी कोण, आजीला कुठल्या गावचा नर दाखवला होता, त्याच्या कोणत्या पायावर पांढरं होतं, हे त्यांना सात पिढ्यांपर्यंत तोंडपाठ होतं. बोरी गावात त्यांना सगळे ‘नसलवाले’ म्हणत. नसल म्हणजे वंश. मामांना ते नाव आवडायचं.

शबनम त्यांची नव्हती, जहागीरदारांची होती. लांब पायांची, कंबरेत मूठभर, सशामागे सुटली की जमिनीला पाय लागतात की नाही असं वाटावं, अशी ती कारवानी जातीची कुत्री. जहागीरदारांना शिकारीचा शौक, आणि कुत्री वाढवायचं काम मामांकडे. ती व्याली की पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत मामा सांभाळत, मग देवडीवरून, म्हणजे जहागीरदारांच्या वाड्यावरून, कुत्र्यांवर देखरेख करणारा दारोगा येऊन ती घेऊन जाई. शबनम मात्र मामांच्या ओट्यावर राहायची. पाच वर्षं राहिली. मामी तिला ‘शबू’ म्हणत आणि भाकरी आधी तिला टाकून मग मामांना वाढत.

या कामाचा एकच कडक नियम होता. ऐबी पिल्लू, म्हणजे ज्याच्या अंगात खोट आहे ते, जिवंत ठेवायचं नाही. कुणाला द्यायचंही नाही. देवडीचा हा नियम मामांना नुसता मान्य नव्हता, ते तो लोकांना समजावून सांगत. “खोट आज एका पिल्लात हाय. त्याला पिल्लं झाली की ती गावभर हिंडती.” म्हणून ऐबी पिल्लू डोळे उघडायच्या आत नदीच्या डोहात टाकायचं. डोळे उघडायच्या आतच का, असं मी एकदा विचारलं होतं. “डोळे उघडल्यावर त्यानं आपल्याला बघितलेलं असतंय,” एवढंच ते म्हणाले. अशी तीन पिल्लं त्यांनी टाकली होती. त्या त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मामी सांगायच्या.

मी इंटर पास होऊन हैदराबादेहून सुट्टीत आलो त्या उन्हाळ्यात शबनमला सात पिल्लं झाली होती. सहा बिनखोट. सातव्याला शेपूटच नव्हती. शेपटीच्या जागी सुपारीएवढी गाठ. कुत्रं नुसतं पळून उपयोग नसतो, ससा वळला की त्यालाही तिथंच वळावं लागतं, आणि वळताना तोल राखते ती शेपूट. शेपटीवाचून ते कुत्रं शिकारीला निरुपयोगी, आणि जोडाला तर त्याहून. मामांना हे मला सांगायची गरज नव्हती आणि त्यांना कुणी सांगायचीही गरज नव्हती. तरी ते पिल्लू तसंच होतं. मी पोचलो त्याच्या आदल्या दिवशी त्याने डोळे उघडले होते.

मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हे रोज सकाळी त्याला टोपलीत घालतात, वेशीपर्यंत जातात आणि परत येतात. मामांना विचारलं तर त्यांनी पिल्लू उचलून माझ्या हातात दिलं. “छाती बघ. अशी छाती मी शबनमच्या आजीत बघितली, त्याच्यानंतर आज बघायलोय. सातांत ह्येच अव्वल हाय, भाचेराव. आन् ह्यालाच शेपूट न्हाई.” मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “टाकायचं तर टाका, न्हाईतर नाव ठिवा. मधल्यामधी माजा जीव घ्यायलात.”

पिल्लं झाली की देवडीला उर्दूत कळवावं लागे. एरवी शाळेचे मास्तर लिहून देत. त्या वर्षी मी होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, पुढे बी.ए. झालेलाही पहिलाच, आणि तेव्हा मला माझ्या उर्दूचा फार ताठा होता. मामा म्हणाले, “सहा लिही.” मी म्हणालो, सात आहेत तर सातच लिहीन, खोटं लिहिणार नाही. आज वाटतं, त्या घरात तोंड बंद ठेवायची अक्कल मला कॉलेजने दिली नव्हती. मामा बराच वेळ शबनमच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, “लिही सात. मालकाची कुत्री, मालकानं ठरवावं.” मी शुद्ध उर्दूत लिहिलं: छह सालिम, एक बे-दुम. सालिम म्हणजे बिनखोट, बे-दुम म्हणजे बिनशेपटीचा.

मग आठ दिवस वाट पाहण्यात गेले. रस्त्यावर घोड्याची टाप वाजली की मामा उठून उभे राहायचे. नवव्या दिवशी उत्तर आलं. मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. सहा पिल्लं सांभाळावीत, दारोगासाहेब महिन्याने येतील. मेलेल्या पिल्लाबद्दल अफसोस आहे, ते खोल दफन करावं, नाहीतर कोल्हे उकरतात.

उर्दूत ‘दुम’ म्हणजे शेपूट आणि ‘दम’ म्हणजे श्वास, दोन्ही लिहितात एकाच अक्षरांनी. फरक दाखवणारी वरची बारीक खूण घाईत कुणी देत नाही. मीही दिली नव्हती. देवडीच्या मुन्शीने बे-दम वाचलं होतं: पिल्लू मेलेलंच जन्मलं. मी मामांना समजावलं आणि दुरुस्तीचं पत्र लिहायला कागद घेतला. त्यांनी माझा हात धरला.

“दोनी एकसारकंच लिव्हतेत?”

हो, म्हणालो.

“मग तू बी खोटं लिव्हलं न्हाईस, मुन्शी बी खोटं वाचला न्हाई. ऱ्हाऊ दे.”

त्या दिवशी पिल्लाला नाव मिळालं. भुंड्या. मामींनी ठेवलं.

पण दारोगा तर येणारच होता. मामी म्हणाल्या, एक दिवस त्याला शेजारच्या गोठ्यात ठेवू. मीही तेच म्हणालो, कारण चूक माझी होती आणि मला ती झाकायची होती. मामा ऐकेनात. “आज लपवला तर जलमभर लपवावा लागंल. कुत्रं हाय का चोरीचा माल?” दारोगा आला त्या सकाळी भुंड्या शबनमच्या पोटाशी ओट्यावर उघडाच झोपला होता.

दारोगा माणूस वाईट नव्हता. उतारवयाचा, कुत्र्यांत केस पिकलेला. सहा पिल्लांचे दात, पंजे पाहिले, मान डोलावली. मग त्याची नजर सातव्यावर गेली.

“ये बिन दुम का कौन है? ये तो मर गया था ना?”

मामांनी सगळं सांगितलं, माझ्या अक्षरासकट. दारोग्याने भुंड्याला उचललं आणि छातीवरून अंगठा फिरवला. “छाती शबनम की नानी की है,” म्हणाला, “मगर हुकूम हुकूम है. अब्बी मेरे सामने डुबा देव.”

मामांनी हात जोडले. बैल खच्ची करणाऱ्याला बोलावून याला खच्ची करून घेतो, याच्यापासून एकही पिल्लू होणार नाही, माझी जबान घ्या, असं म्हणाले. दारोगा म्हणाला की जबानीवर नसल चालत नाही, हे तूच मला शिकवलंस. मग मामा कधी मालकाच्या माणसाशी बोलले नसतील असं बोलले.

“कागदात दफन करा म्हणलंय. दफन मेलेल्याला करतेत. जित्याला मारायचा कागद आणा, मग बगू.”

दारोग्याचा चेहरा उतरला. त्याने काठी जमिनीवर टेकवली. “दो में से एक. ये रहा तो कुत्ती वापस देवडी जाती. चाय पीने तक सोच लेव.”

मामींनी चहा आणून ठेवला. दारोगा घोट घेत होता आणि मी पेल्यातला चहा खाली जाताना पाहत होतो. मला वाटत होतं, मामा आता भुंड्याला उचलतील, टोपली घेतील. शबनम गेली तर मामांकडे उरणार काय होतं? सात पिढ्या तोंडपाठ असलेला माणूस कुत्रीवाचून गावात कोण? मामींनी पदर तोंडाला लावला होता. पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला. मामा उठले आणि शबनमची दोरी सोडली.

त्यांनीच तिला दारोग्याच्या छकड्यापर्यंत नेलं. तिची सहा पिल्लं आत होती. तिने उडी मारली आणि त्यांना चाटायला लागली. एकदाही मागे पाहिलं नाही. मामा छकडा दिसेनासा होईपर्यंत उभे होते. तिने वळून पाहिलं नाही हेच त्यांना जास्त लागलं असावं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

जबान दिल्याप्रमाणे त्यांनी भुंड्याला खच्ची करून घेतलं. दारोग्याने ती घेतली नव्हती, तरी मामांनी पाळली. देवडीवरून पुन्हा कधी कुत्री आली नाही, आणि ‘नसलवाले’ म्हणायचंही गावाने हळूहळू सोडलं. पुढे निजामाचं राज्य गेलं, देवडीची कुत्री कुणी कुठे नेली कळलं नाही. शबनमचं काय झालं हे मामांनी मानवतच्या बाजारात कितीतरी जणांना विचारलं.

बी.ए.चा निकाल सांगायला मी बोरीला गेलो तेव्हा त्यांना पाया पडून विचारलं, मामा, माझ्यामुळे झालं ना हे? ते म्हणाले, “शबूची याद रोज येती. आन् पुन्ना तसंच झालं तर पुन्ना ह्येच करीन. म्हून इचारत जाऊ नको.”

भुंड्याने आयुष्यात एकही ससा धरला नाही. ज्वारी निघाली की मामा त्याला रानात न्यायचे. तो बाणासारखा सुटायचा, ससा वळायचा, आणि हा सरळ पुढे जाऊन ढेकळांत कोलांट्या खायचा. संध्याकाळी दोघं धुळीने माखून वेशीतून आत येत. पारावरचे मुद्दाम विचारत, काय मिळालं आज?

मामा म्हणत, “पळून आला की.”